रात्र लिहिलीच गेली नाही

"काल तू तोच किस्सा तीनदा सांगितलास. मग वाद घातलास, लगेच माफी मागितलीस, सगळ्यांच्या गळ्यात पडलास आणि चपला हातात घेऊन घरी गेलास." दुसऱ्या दिवशी मित्र हे सगळं सांगत असतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, हा कुणा भलत्याच माणसाबद्दल बोलतोय. डोकं ठणकत असतं, घसा कोरडा पडलेला असतो. साडेदहापर्यंतचं नीट आठवतं आणि त्यानंतर थेट सकाळच. शेवटी तो ओशाळून म्हणतो, "दारूच्या नशेत विसरलो रे."

'विसरलो' आणि 'आठवत नाही' हे आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. एरवी त्याने काही बिघडत नाही, पण इथे बिघडतं. विसरायला आधी काहीतरी लक्षात असावं लागतं. या माणसाच्या मेंदूत साडेदहानंतरची नोंदच झालेली नाही. मित्राने कितीही खाणाखुणा सांगितल्या, फोटो दाखवले, तरी त्या रात्रीतलं काही 'परत' येणार नाही, कारण परत यायला ते कधी आत गेलेलंच नव्हतं.

याला ब्लॅकआउट म्हणतात. शब्द ऐकून माणूस बेशुद्ध पडला असं वाटतं आणि बरेचजण तसंच समजतात. पण शुद्ध हरपणं वेगळं आणि ब्लॅकआउट वेगळा. ब्लॅकआउटमधला माणूस जागा असतो, बोलतो, हसतो, पैसे मोजून देतो. काहीजण गाडीही चालवतात. समोरच्याला अनेकदा पत्ताही लागत नाही की याची पाटी कोरी राहते आहे.

डोनाल्ड गुडविन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने १९७०च्या सुमारास हे तपासून पाहिलं. आजची कुठलीही नैतिक समिती असल्या प्रयोगाला परवानगी देईल असं मला वाटत नाही. त्याने दहा पुरुषांना चारेक तासांत प्रत्येकी सुमारे अर्धा लिटर बर्बन व्हिस्की पाजली. त्यातले बहुतेक आधीपासून मद्याच्या आहारी गेलेले होते. पिणं सुरू झाल्यावर तासाभराने त्यांना अधूनमधून काही गोष्टी दाखवायला सुरुवात केली: लहान मुलांची खेळणी आणि कामुक चित्रपटांतली दृश्यं. म्हणजे सहजासहजी नजरेआड होणार नाही असा ऐवज. मग काय दाखवलं ते दोन मिनिटांनी विचारलं, अर्ध्या तासाने विचारलं आणि चोवीस तासांनी पुन्हा विचारलं.

दोन मिनिटांनी बहुतेकांना सांगता आलं. अर्ध्या तासाने त्यातल्या निम्म्या लोकांना काहीच आठवेना, आणि दुसऱ्या दिवशीही नाही. मला या प्रयोगातली ती दोन मिनिटं फार महत्त्वाची वाटतात. त्यांनी पाहिलं होतं, त्यांना कळलं होतं, काही क्षण ते मनात धरूनही ठेवलं होतं. मनात धरलेलं कागदावर उतरवणारा हात तेवढा थांबला होता.

तो हात कोणाचा?

कानशिलांच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या दोन्ही अर्धांत एकेक हिप्पोकॅम्पस असतो. आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून ग्रीक भाषेतून आलेलं हे नाव. जुन्या पेढीवर दिवसभराचे व्यवहार आधी रोजकिर्दीत उतरवत आणि मग सवडीने खतावणीत नेत. हिप्पोकॅम्पस ही मेंदूची रोजकीर्द. आज कोण भेटलं, कुठे, काय बोलणं झालं, हे आधी तिथे बांधलं जातं आणि पुढे दिवसा-महिन्यांत मेंदूच्या बाहेरच्या थरात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, पक्कं होत जातं.

ही रोजकीर्द नसेल तर काय होतं, हे हेन्री मोलॅसन या माणसामुळे जगाला कळलं. १९५३ मध्ये त्याच्या अपस्मारावर उपाय म्हणून दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग आणि लगतचे भाग काढून टाकले. फिट्स कमी झाल्या, पण त्यानंतर २००८ मध्ये मरेपर्यंत तो नवीन प्रसंग लक्षात ठेवू शकला नाही. गप्पा मारायचा, विनोद कळायचे, सांगितलेला आकडा घोकत राहिला तर धरून ठेवायचा. लक्ष दुसरीकडे गेलं की सगळं साफ. गंमत म्हणजे आरशात बघून चित्र गिरवायला तो सरावाने शिकला, दिवसागणिक चुका कमी झाल्या, पण आपण हे आधी कधी केलंय हे त्याला दरवेळी नवीनच असायचं. म्हणजे 'स्मरणशक्ती' हे एकच खातं नाही. प्रसंगांची नोंद एकीकडे होते, सवयींची दुसरीकडे. हा मुद्दा शेवटी पुन्हा लागणार आहे.

ब्लॅकआउटमधला माणूस म्हणजे काही तासांपुरता झालेला मोलॅसन. फरक इतकाच की इथे हिप्पोकॅम्पस जागेवर असतो, पण कामावर नसतो.

लिहिणं म्हणजे नेमकं काय

मेंदूत शाई नाही, कागद नाही. आहेत त्या अब्जावधी चेतापेशी, आणि एका पेशीचा निरोप दुसरीकडे जातो ती जागा, म्हणजे सायनॅप्स. दोन पेशींच्या मधली ही अतिसूक्ष्म फट. अलीकडची पेशी फटीत रसायन सोडते, पलीकडच्या पेशीवरचे ग्राही, म्हणजे रिसेप्टर, ते पकडतात. काही निरोप पलीकडच्या पेशीला 'ऊठ' म्हणतात, काही 'बस' म्हणतात. 'ऊठ' म्हणणारं मुख्य रसायन ग्लुटामेट, 'बस' म्हणणारं गाबा.

एखादी वाट वारंवार किंवा जोरात वापरली गेली की तो सायनॅप्स बळकट होतो; पुढच्या वेळी तेवढ्याच निरोपाला पलीकडची पेशी जास्त जोरात उत्तर देते. सायनॅप्सच्या या बदलत राहण्याला त्याची लवचिकता म्हणतात. डोनाल्ड हेब या मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये ही कल्पना मांडली होती. प्रत्यक्ष पुरावा आला तो १९७३ मध्ये, टिम ब्लिस आणि टेर्ये लोमो यांच्या ऑस्लोतल्या प्रयोगांतून. त्यांनी भूल दिलेल्या सशांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये एका वाटेवर विजेचे झटपट झटके दिले, आणि नंतर कितीतरी तास ती वाट जास्त जोमाने निरोप पोचवत राहिली. या टिकाऊ बळकटीला 'लाँग टर्म पोटेन्शिएशन' म्हणतात, थोडक्यात एलटीपी. आठवण पेशींच्या पातळीवर कशी दिसते याचं आपल्याकडे असलेलं हे सगळ्यात चांगलं उत्तर.

आता एलटीपी घडवणारा दरवाजा पाहू, कारण दारू नेमकी तिथेच येऊन बसते. ग्लुटामेटचे ग्राही अनेक प्रकारचे. त्यातले एएमपीए नावाचे ग्राही रोजचं काम बघतात: ग्लुटामेट आलं, उघडले. दुसरा प्रकार एनएमडीए. हा दरवाजा दोन किल्ल्यांचा आहे. ग्लुटामेट आलं तरी तो कामाचा नसतो, कारण त्याच्या बोळात मॅग्नेशियमचा कण बुचासारखा अडकलेला असतो. पलीकडची पेशी त्याच वेळी विजेने पुरेशी उत्तेजित झालेली असेल तरच ते बूच निघतं. म्हणजे अलीकडून निरोप आणि पलीकडून प्रतिसाद, दोन्ही एकाच वेळी जुळले तरच दार उघडतं. 'या दोन गोष्टी एकत्र घडल्या' हे ओळखणारं हे रेणूच्या आकाराचं यंत्र. मला तर मेंदूतली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

दार उघडलं की कॅल्शियम आत शिरतं. त्याने पेशीतली काही एन्झाइम्स जागी होतात आणि फटीच्या काठावर आणखी एएमपीए ग्राही आणून बसवले जातात. सायनॅप्सला जणू जास्त कान फुटतात. ही बळकटी दिवसेंदिवस टिकायची असेल तर पुढे नवी प्रथिनं तयार होतात आणि सायनॅप्सचा आकारही बदलतो. रिचर्ड मॉरिस यांनी १९८६ मध्ये उंदरांत एनएमडीएचं दार औषधाने बंद केलं, तेव्हा ते पोहता पोहता पाण्याखाली लपवलेला ओटा कुठे आहे हे शिकू शकले नाहीत. पोहता मात्र येत होतं.

मद्य येतं तेव्हा

इथेनॉल हा अगदी चिमुकला रेणू. पाण्यात विरघळतो, चरबीतही शिरतो, त्यामुळे रक्तातून मेंदूत जायला त्याला कुणाची परवानगी लागत नाही. काही मिनिटांत तो तिथे असतो. तिथे तो एकाच जागी काम करत नाही, पण स्मरणाच्या दृष्टीने दोन जागा कळीच्या.

एक, एनएमडीए. १९८९ मध्ये डेव्हिड लव्हिंजर आणि सहकाऱ्यांनी हिप्पोकॅम्पसच्या पेशींवर दाखवलं की माणसाला नशा चढते त्याच प्रमाणातलं इथेनॉल या ग्राहींमधून वाहणारा प्रवाह कमी करतं. दुसरी जागा गाबाची. गाबाचा 'बस' हा हुकूम मद्याच्या सोबतीने जास्त ठाम होतो.

वरवर पाहता हे दोन वेगळे परिणाम आहेत. पण मॅग्नेशियमचं बूच आठवा. ते निघायला पलीकडची पेशी उत्तेजित व्हावी लागते, आणि गाबा तिला उठूच देत नाही. म्हणजे दारू दरवाजा आतून घट्ट करते आणि त्याची दुसरी किल्लीही लपवते. कॅल्शियम आत येत नाही, नवे ग्राही बसत नाहीत, सायनॅप्स होता तसाच राहतो. प्रसंग घडून जातो आणि हिप्पोकॅम्पसला त्याचा ओरखडाही उठत नाही. उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये 'मी या कोपऱ्यात आहे' असं सांगणाऱ्या पेशी असतात (त्यांच्या शोधासाठी जॉन ओकीफ यांना २०१४ चं नोबेल मिळालं). मद्य दिलेल्या उंदरांत या पेशी मंदावतात. पाय चालत असतात, आतला नकाशा गप्प झालेला असतो.

यापुढची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे, पण टाळून चालणार नाही. 'दारूने मेंदूतल्या पेशी मरतात, म्हणून आठवत नाही' असं आपण नेहमी ऐकतो. एका रात्रीच्या ब्लॅकआउटचं कारण ते नव्हे. सेंट लुईसमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठात युकितोशी इझुमी आणि चार्ल्स झोरुम्स्की यांच्या गटाने २०११ मध्ये उंदरांच्या मेंदूच्या कापांवर जास्त प्रमाणात इथेनॉल सोडलं. एलटीपी थांबलं. पण कारण विचित्र निघालं: मद्य काही एनएमडीए ग्राही रोखतं, तर काही उलट चेतवतं, आणि त्या घालमेलीत पेशी स्वतःच एक प्रकारची स्टेरॉइड्स तयार करू लागतात. ही स्टेरॉइड्स गाबाला आणखी बळ देतात. स्टेरॉइड तयार करणारं एन्झाइम औषधाने आधीच बंद केलं, तर तेवढंच मद्य असूनही एलटीपी झालं. म्हणजे पेशी शाबूत होत्या. त्यांनी स्वतःहून लेखणी खाली ठेवली होती. हे कापांवरचे प्रयोग आहेत, तेव्हा यावरून 'ब्लॅकआउटची गोळी' शोधायला कुणी निघू नये.

किती प्याल्यावर?

रक्तातलं मद्याचं प्रमाण ०.१६ टक्क्याच्या आसपास गेलं की ब्लॅकआउटची शक्यता बरीच वाढते. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत गाडी चालवण्याची मर्यादा ०.०८ टक्के आहे, त्याच्या दुप्पट. पण आकड्यापेक्षा वेग महत्त्वाचा. तोच ऐवज पाच तासांत हळूहळू घेतला आणि तासाभरात घटाघट घेतला, तर दुसऱ्या वेळी पाटी कोरी राहण्याचा धोका कितीतरी जास्त. मद्य मुख्यतः लहान आतड्यातून रक्तात जातं. पोटात अन्न असेल तर जठर ते हळूहळू पुढे सोडतं. रिकाम्या पोटी ते एकदम पुढे जातं आणि रक्तातली पातळी झपाट्याने चढते. सारख्याच वजनाच्या स्त्री-पुरुषांनी सारखंच घेतलं तरी स्त्रीच्या रक्तातली पातळी सहसा जास्त चढते, कारण शरीरातलं पाण्याचं प्रमाण कमी असतं. झोपेच्या किंवा चिंतेवरच्या काही गोळ्याही गाबावरच काम करतात. त्या आणि दारू एकत्र आल्या तर कमी मद्यातही नोंद थांबते, आणि श्वासही.

ब्लॅकआउट फक्त अट्टल पिणाऱ्यांनाच होतो हा जुना समज. ड्यूक विद्यापीठात २००२ मध्ये ७७२ विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा कधीतरी दारू प्यायलेल्यांपैकी ५१ टक्क्यांनी एकदा तरी असं झाल्याचं सांगितलं. नंतर कळलेल्या प्रसंगांत भांडणं होती, गाडी चालवणं होतं, शरीरसंबंधही होते.

सगळ्यांचीच पाटी पूर्ण कोरी राहते असं नाही. जास्त वेळा घडतो तो तुटक प्रकार: मधले तुकडे गायब, काही तुकडे धूसर. त्यात कुणी आठवण करून दिली की "हो हो, बाल्कनीत" असं काहीसं हाती लागतं, कारण तिथे नोंद अर्धवट का होईना झालेली असते. इथे एक धोका असतो. मित्रांनी सांगितलेलं ऐकता ऐकता मन त्या मोकळ्या जागा भरून काढतं आणि काही दिवसांनी ते 'आपल्याला आठवतंय' असं वाटू लागतं. साक्षीपुराव्याच्या प्रसंगी हा फरक फार जड जातो.

समोरच्याला ब्लॅकआउट चालू आहे का, हे ओळखायची एक साधी खूण आहे. तो सलग बोलतोय का यावर जाऊ नका, ते जमतं. दहा मिनिटांपूर्वी काय बोलणं झालं ते विचारा. तोच प्रश्न, तोच किस्सा पुन्हा पुन्हा येत असेल, तर नोंद थांबलेली आहे. अशा वेळी त्याच्याकडून कसलंही वचन किंवा संमती घेण्यात अर्थ नाही आणि गाडीची किल्ली त्याच्या हाती राहू देऊ नये. हाक मारूनही जागा होत नसेल किंवा श्वास मंद, तुटक वाटत असेल, तर तो ब्लॅकआउट नाही, विषबाधा आहे. कुशीवर वळवून तातडीने दवाखान्यात न्यायचं.

एक उलटा निष्कर्षही सांगायला हवा, नाहीतर चित्र अर्धं राहील. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासात ८८ जणांनी काही नवे शब्द शिकले. मग काहींनी हवी तेवढी दारू घेतली, काहींनी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी *पिण्याआधी* शिकलेले शब्द पिणाऱ्यांना जास्त चांगले आठवले. चमत्कार वाटतो, पण तो आपल्याच गणितात बसतो: रोजकिर्दीत नवी नोंद होईना म्हटल्यावर आधीच्या नोंदीवर काही गिरवलं गेलं नाही, हे त्याचं एक संभाव्य स्पष्टीकरण. परीक्षेच्या आदल्या रात्री हा उपाय कुणी करू नये. मद्याने झोप लवकर लागते खरी, पण पहिल्या अर्ध्या रात्री स्वप्नांची झोप कमी होते आणि उत्तररात्री झोप सारखी मोडते, आणि रोजकिर्दीतून खतावणीत नेण्याचं बरंच काम झोपेतच चालतं.

रोजच पिणाऱ्याचा मेंदू

रोज कुणी 'बस, बस' म्हणत राहिलं तर मेंदू गप्प बसत नाही. तो एनएमडीए ग्राही वाढवतो आणि गाबाला कमी दाद देऊ लागतो. म्हणूनच सवय झालेल्याला तेवढ्याच दारूने काही होत नाही. पण एके दिवशी दारू अचानक बंद झाली की ब्रेक निघालेला आणि ॲक्सिलरेटर दाबलेला असा मेंदू उरतो: थरथर, फिट्स, भास. पेशींना खरी इजा बऱ्याच अंशी या काळात होते, कारण कॅल्शियम मर्यादेपलीकडे आत शिरतं. वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्याने दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी, ती यासाठी.

दुसरं नुकसान आडवाटेने होतं. सततच्या मद्यपानात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, कमी पडतं. जेवण नीट नसतं आणि आतडंही ते नीट शोषत नाही. त्याने मेंदूच्या मध्यभागातले स्मरणाच्या साखळीतले दुवे तुटतात. रशियन डॉक्टर सर्गेई कोर्साकोव्ह यांनी १८८७ च्या सुमारास वर्णन केलेला हा आजार. यात नवं लक्षात राहत नाही आणि रुग्ण मोकळ्या जागा कल्पित गोष्टींनी भरतो. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. त्याला ते खरंच वाटत असतं. ब्लॅकआउट सकाळी संपतो, हा बहुतेकदा पूर्ण संपत नाही.

अट्टल नसलेल्यांनीही निर्धास्त राहावं असं नाही. ब्रिटनमधल्या ५५० जणांची तीस वर्षं नोंद ठेवून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आठवड्याला १४ ते २१ युनिट, म्हणजे साधारण ११२ ते १६८ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल घेणाऱ्यांत उजवा हिप्पोकॅम्पस आक्रसलेला असण्याची शक्यता न पिणाऱ्यांच्या तिप्पट दिसली. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, कार्यकारण सिद्ध करणारा नाही, हे ध्यानात ठेवूनही आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. किशोरवयीन उंदरांत तर तेवढंच मद्य एलटीपी जास्त अडवतं, आणि झोप मात्र प्रौढांपेक्षा कमी आणतं. म्हणजे लेखणी आधी थांबते आणि पिणारा जास्त वेळ उभा राहतो. बाजू दिलाशाचीही आहे: दारू थांबवल्यावर काही आठवड्यांत आणि महिन्यांत मेंदूचं आकारमान काही अंशी भरून येतं.

आता मघाचा मुद्दा, प्रसंगांची नोंद एकीकडे आणि सवयींची दुसरीकडे. मद्य पहिली नोंद अडवतं म्हणून ते सगळंच लिहिणं अडवतं असं समजलो तर फसगत होते. मेंदूच्या खोल भागात, स्ट्रायेटममध्ये, जिथे सवयी आणि बक्षिसाची ओढ घडते, तिथले सायनॅप्स वारंवारच्या मद्याने बळकट होतात. डोरिट रॉन यांच्या प्रयोगशाळेने उंदरांत दाखवलं आहे की तिथल्या काही एनएमडीए ग्राहींची ताकद उलट वाढते. साडेदहानंतर कुणाशी भांडलो हे मेंदू लिहीत नाही. ग्लासाचा किणकिणाट, ती वेळ आणि ती खुर्ची मात्र रोजच्या रोज गिरवत राहतो. दारू सोडून वर्षं झालेल्याला त्या खुर्चीशी आल्यावर अचानक ओढ लागते, ती याच गिरवण्यामुळे.

आणि यातली शाई खुद्द मद्यातूनच येते, असं २०१९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या शेली बर्गर यांच्या गटाला दिसलं. यकृत मद्याचं विघटन करून शेवटी ॲसिटेट बनवतं. ते रक्तातून मेंदूत पोचतं आणि तिथे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांना जाऊन चिकटतं, त्यामुळे शिकण्याशी संबंधित जनुकं जास्त चालू होतात. हे काम करणारं एन्झाइम त्यांनी काही उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये कमी केलं. मग उंदरांना दोन कप्पे दाखवले, त्यातल्या एकात मद्य मिळत असे. इतर उंदीर नंतर त्याच कप्प्यात घुटमळत राहिले. एन्झाइम कमी केलेल्यांना दोन्ही कप्पे सारखेच होते.